दगड, पाऊस आणि हवा: नागपूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

सेमिनरी हिल्सचे दगड दाखवताना, शेतकरी मेळाव्यात किंवा शाळेच्या आकाशदर्शनात लोक जे विचारतात आणि नंतर फोनवर पाठवतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत शिरतो तिथे दुसऱ्याचा क्रमांक दिला आहे. शेतीपुरतंच वाचायचं असेल तर ६, ७ आणि १२ पाहा. ग्रहांविषयी १३ पासून पुढे आहे.

१. दगड तर निर्जीव. त्याची हवेशी रासायनिक क्रिया होते म्हणजे काय?

दगड निर्जीव आहे, पण तो जिथे जन्मला तिथे आता राहत नाही. बसाल्टमधली, म्हणजे आपल्या काळ्या दगडातली, खनिजं हजार-बाराशे अंश सेल्सिअसच्या लाव्ह्यात तयार झाली. तिथे मोकळा ऑक्सिजन नव्हता आणि पाणी नावापुरतं होतं. तीच खनिजं आज ओलसर, एकपंचमांश ऑक्सिजन असलेल्या हवेत उघडी पडली आहेत. या परिस्थितीत ती टिकाऊ नाहीत. हळूहळू मोडून ती इथे टिकतील अशा खनिजांत बदलतात. शाळेच्या पुस्तकात याला रासायनिक विदारण म्हणतात.

मुख्य क्रिया तीन. हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसात विरघळून सौम्य आम्ल तयार होतं आणि ते खनिजांतला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून घेतं. ऑक्सिजन दगडातल्या लोहाशी जोडला जाऊन गंज तयार होतो. आणि पाणी स्वतःच खनिजांच्या रचनेत शिरतं, त्यातून चिकणमातीची खनिजं होतात. प्रत्येक वेळी हवेतून काहीतरी कमी होतं, म्हणून दगड बदलतो तशी हवाही बदलते. लोकांच्या लक्षात दगडाची झीज राहते, हवेतली घट राहत नाही. पुढची बहुतेक उत्तरं त्या घटीबद्दल आहेत.

२. आपल्याकडे उन्हाळ्यात दगड तापून फुटतात. ते पण हेच का?

नाही, ते कायिक विदारण. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दगड दिवसा फुगतो, रात्री आकसतो, भेगा पडतात. घटक तेच राहतात. पण भेग पडली की आत पाणी आणि हवा शिरायला नवी जागा मिळते, त्यामुळे रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. खरं काम मात्र पावसाळ्यात होतं, कारण पाण्याशिवाय या क्रिया जवळजवळ थांबतात.

३. नागपूरच्या खाली कोणता दगड आहे? त्याने फरक पडतो का?

खूप पडतो, आणि या बाबतीत नागपूरचं नशीब चांगलं. दख्खनच्या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड आपल्या शहरातून जाते. पश्चिमेला सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स आणि पुढे अमरावती रस्त्याने सगळा बसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाईस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक. कामठीच्या बाजूला वालुकाश्म, आणि मनसर-रामटेककडे मँगनीज, संगमरवर व अभ्रकी खडक असलेला सौसर गट. एकाच दिवसात हे सगळे खडक हाताळून पाहता येतात अशी शहरं फार नाहीत.

नाईसमध्ये क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी भरपूर, आणि गारगोटीला पावसाचं आम्ल काही करू शकत नाही. बसाल्टमध्ये पायरोक्सीन आणि कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार असतात, कुठे ऑलिव्हिनही. ही खनिजं लवकर मोडतात. वजनाचा साधारण दहावा भाग कॅल्शियम ऑक्साइड आणि तितकंच किंवा जास्त लोहाचं ऑक्साइड, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन दोघांनाही धरून ठेवणारं द्रव्य त्यात आहे. जगाच्या जमिनीचा जेमतेम वीसावा भाग बसाल्टने व्यापला आहे, पण सिलिकेट (म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खनिजांच्या) खडकांच्या विदारणातून जितका कार्बन डायऑक्साइड हवेतून जातो त्याचा सुमारे तिसरा हिस्सा बसाल्टच्या वाट्याला येतो असा अंदाज आहे.

४. काळ्या दगडाची काळी माती होताना हवेतून नेमकं काय जातं?

स्वच्छ पावसाचा सामू (पीएच) ७ नसतो, सुमारे ५.६ असतो, कारण त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. हे पाणी मातीत उतरलं की आणखी आम्लधर्मी होतं. मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास सोडतात, त्यामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा दहा ते शंभर पट असू शकतो. म्हणून उघड्या कातळापेक्षा झाडाझुडपांखालचा कातळ लवकर झिजतो.

हे आम्ल फेल्डस्पार आणि पायरोक्सीनमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम ओढून काढतं. कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं आणि ते कॅल्शियमसोबत पाण्यात विरघळून निघून जातं. मागे उरलेल्या ॲल्युमिनियम, सिलिका आणि थोड्या मॅग्नेशियम-लोहातून स्मेक्टाइट गटातली चिकणमाती तयार होते. पाणी मिळालं की फुगायचं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडायच्या, हा आपल्या काळ्या मातीचा गुण या स्मेक्टाइटचा.

ही वाट अर्ध्यावर थांबलेली पाहायची असेल तर रस्त्यासाठी कापलेली एखादी टेकडी पाहा. वर माती, खाली पिवळसर-तपकिरी मुरूम, त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड, आणि सर्वांत खाली निबर काळा कातळ. पाणी चौकोनी भेगांमधून शिरतं, ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी खाल्ले जातात म्हणून आधी झिजतात, आणि ठोकळा गोल होत जातो. गोट्याच्या मधोमध अजून ताजा बसाल्ट मिळतो.

५. तो कार्बन शेवटी कुठे जातो?

समुद्रात. नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. विरघळलेलं बायकार्बोनेट या वाटेने जातं. समुद्रात ते लाखभर वर्षं राहू शकतं. पुढे शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव त्यापासून कॅल्शियम कार्बोनेटची कवचं बांधतात, ती तळाशी साचतात आणि त्यांचा चुनखडक होतो.

इथे एक हिशेब बऱ्याचदा चुकतो. कॅल्शियमच्या एका अणूमागे विदारणात कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू खर्ची पडतात, पण कवच तयार होताना त्यांतला एक परत सुटतो. म्हणजे कायमचा अडकतो तो एकच. हा हिशेब सिलिकेट खडकांचा आहे. चुनखडकाचा वेगळा निघतो, तो १७ मध्ये पाहा.

६. बोअरचं पाणी उकळलं की भांड्याला पांढरा थर बसतो. त्याचा याच्याशी काही संबंध?

सरळ संबंध. तो थर म्हणजे प्रश्न ४ मधलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. पाणी उकळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. समुद्रात चुनखडक तयार होताना जी क्रिया होते तीच ही, फक्त घाईने झालेली. थर व्हिनेगरने निघतो, आणि काढताना जे बुडबुडे येतात त्या वायूचा बराच भाग कधीकाळी मातीतल्या हवेत होता.

७. वावरात पांढरे चुनखडीचे खडे आहेत. म्हणजे माझ्या जमिनीत कार्बन साठतोय का? आणि त्याने संत्रा पिवळा का पडतो?

पहिल्या भागाचं उत्तर हो, पण एका अटीवर. आपल्याकडे पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तोही चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत वरची जमीन सुकते, पाणी वर खेचलं जाऊन उडून जातं, आणि विरघळलेलं कॅल्शियम नदीपर्यंत न पोहोचता मातीतच कार्बोनेट होऊन बसतं. हे कॅल्शियम बसाल्टच्या फेल्डस्पारमधून आलेलं असेल तर हवेतला कार्बन खरोखर अडकला. जुन्याच चुनखडीचे कण विरघळून पुन्हा जमले असतील तर नवा कार्बन काही अडकलेला नाही, फक्त जागा बदलली. विदर्भातल्या बऱ्याच जमिनींत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात.

संत्र्याचं दुखणं याच रसायनातून येतं. चुनखडी आणि बायकार्बोनेटमुळे मातीचा सामू ८ किंवा त्याहून वर जातो. त्या सामूला लोह विरघळत नाही. जमिनीत लोह पुष्कळ, बसाल्टचीच माती ती, पण मुळांना मिळत नाही. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. संत्र्याच्या जमिनीत मुक्त चुनखडी १० टक्क्यांच्या आत असावी असा सल्ला दिला जातो. बाग लावण्याआधी मातीची तपासणी करा, आणि नमुना फक्त वरच्या वितीचा नको. खड्ड्यात खाली जिथे पांढरं दिसतं तिथलाही घ्या. अमरावती रस्त्यावरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो या दोन्ही संस्था आपल्या शहरात आहेत, त्यांच्या कामाचा फायदा घ्या. बारड, मोरांड, काळी या जुन्या वर्गीकरणातही अनुभवाचं शहाणपण आहे, पण चुनखडीचं प्रमाण डोळ्यांनी ठरत नाही.

८. दगड एकच, मग महाबळेश्वरला जांभा आणि आपल्याकडे काळी माती असं का?

पाण्याचा फरक. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इतकं पाणी सतत झिरपलं की कॅल्शियम, मॅग्नेशियमच काय, सिलिकाही धुऊन जाते. उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणजे तांबडा जांभा. आपल्याकडे सिलिका आणि मॅग्नेशियम मातीतच राहतात, म्हणून स्मेक्टाइट टिकतं. मात्र घाटमाथ्यावरचे जांभ्याचे जाड थर आजच्या पावसाने एवढ्यात तयार झालेले नाहीत. ते फार जुने आहेत, लाखो वर्षांच्या उष्ण-दमट काळाचे.

जांभा झालेल्या जमिनीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड धरायला फारसं काही उरलेलं नसतं. ताजा दगड वर येत राहिला तरच क्रिया चालू राहते, हे ध्यानात ठेवा. १० आणि १४ मध्ये ते लागेल.

९. ऑक्सिजनचं काय? तो दगडात कसा शिरतो?

मुख्यतः लोहामार्फत. ताज्या खनिजात लोह ज्या अवस्थेत असतं ती पाण्यात विरघळते. ऑक्सिजन भेटला की लोह आणखी इलेक्ट्रॉन गमावतं आणि हेमॅटाइट किंवा गोएथाइट होऊन बसतं. हेमॅटाइट लाल, गोएथाइट पिवळट-तपकिरी. मुरमाचा रंग त्यातून येतो.

या रंगांमुळे जुनी हवा वाचता येते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीच्या हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हता. त्या काळच्या नद्यांच्या वाळूत पायराइटचे, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचे, गोलसर झिजलेले कण सापडतात, आणि आजच्या हवेत पायराइट नदीच्या प्रवासात टिकत नाही. त्यानंतर लाल वालुकाश्म दिसू लागतात. कामठीचा लालसर वालुकाश्म त्यामानाने अलीकडचा, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा लोहमिश्रित रंग ऑक्सिजन असलेल्या हवेतच येऊ शकतो. गडचिरोलीच्या सूरजागडचं लोहखनिज मात्र पट्टेदार लोहखडकातलं आहे. असे खडक समुद्रात विरघळलेलं लोह तळाशी बसून तयार झाले. समुद्रात एवढं लोह विरघळून राहू शकलं, कारण तेव्हा खोल पाण्यात ऑक्सिजन नव्हता.

मनसर, कांद्री, गुमगावचा मँगनीज माझ्या मते याहून बोलका साक्षीदार. मँगनीजचं ऑक्साइड व्हायला लोहापेक्षा जोरदार ऑक्सिडीकारक लागतो. त्यामुळे मँगनीजचे जाड साठे दिसले की त्या काळच्या पाण्यात ऑक्सिजन पोहोचला होता का, हा प्रश्न आधी विचारतात. हाच प्रश्न मंगळावरही विचारला गेला, तो १४ मध्ये.

१०. दगड सतत कार्बन डायऑक्साइड ओढतोय तर हवेतला सगळा संपत का नाही?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी हा मानतो, कारण बाकी ग्रहांची गोष्ट याच उत्तरावर उभी आहे.

नुसती विदारणाची बाजू धरली तर काही लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड संपला असता. तो परत येतो जमिनीखालून. समुद्राचा तळ भूपट्टांसोबत खोल जातो, तिथे चुनखडक तापतो, सिलिकाशी त्याची क्रिया होते, पुन्हा सिलिकेट तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखीतून बाहेर पडतो. वर होणारी क्रिया खाली उलटी होते. फ्रान्सच्या झाक-जोसेफ एबेलमेन यांनी १८४५ मध्येच हे मांडलं होतं, पण ते विसरलं गेलं. १९५२ मध्ये हॅरॉल्ड युरी यांनी ते पुन्हा मांडलं आणि आज क्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी १९८१ मध्ये पुढचा दुवा जोडला. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की तापमान आणि पाऊस वाढतो, विदारणाचा वेग वाढतो, कार्बन डायऑक्साइड कमी होऊ लागतो. फार थंडी पडली, जमीन बर्फाखाली गेली की विदारण मंदावतं, ज्वालामुखींचा वायू साठत जातो आणि ग्रह पुन्हा तापतो. सूर्य सुरुवातीला आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता, तरीही पृथ्वीवर वाहतं पाणी फार जुन्या काळापासून आहे. याचं एक मोठं कारण हा समतोल मानला जातो.

दख्खनच्या लाव्ह्याची भूमिका यात दुहेरी आहे. बाहेर पडताना त्याने हवेत भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडला. नंतर भारत उत्तरेकडे सरकताना हा सगळा ताजा बसाल्ट विषुववृत्ताच्या उष्ण-दमट पट्ट्यातून गेला आणि झिजताना कार्बन डायऑक्साइड परत ओढू लागला. गेल्या ५ कोटी वर्षांत पृथ्वी थंड होत गेली त्यात याचा वाटा होता असं काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते हिमालयाचं उंचावणं जास्त महत्त्वाचं. वाद मिटलेला नाही.

११. निसर्ग स्वतःच समतोल राखतो, मग हवामानबदलाची एवढी काळजी कशाला?

वेगामुळे. माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. सिलिकेट विदारण वर्षाला एक अब्ज टनाहूनही कमी ओढतं. जगातले सगळे ज्वालामुखी मिळूनही एक अब्ज टनाच्या आतच सोडतात, म्हणून «ज्वालामुखी जास्त सोडतात» हा दावाही टिकत नाही. दगड हा वायू एक दिवस परत घेईल, पण त्याला लाखो वर्षं लागतील. आपल्या नातवंडांना त्याचा उपयोग नाही.

१२. क्रशरची भुकटी शेतात टाकली तर कार्बन कमी होतो आणि पैसे मिळतात म्हणे. खरं का?

तत्त्व खरं आहे. दगड बारीक केला की क्रियेला मिळणारी जागा शेकडो पटींनी वाढते, त्यामुळे हजारो वर्षांचं विदारण काही वर्षांवर येऊ शकतं. जगात यावर प्रयोग चालू आहेत. भारतात लहान भातशेतकऱ्यांसोबत बसाल्टची भुकटी वापरणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझची कार्बन काढण्याची स्पर्धा जिंकल्याबद्दल ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

पण नागपूरच्या शेतकऱ्याने घाई करू नये. आपली काळी माती बसाल्टचीच आणि आधीच अल्कधर्मी, चुनखडीयुक्त. अशा मातीत भुकटी हळू विरघळते आणि फायदा कमी. आम्लधर्मी, निचरा होणाऱ्या, जास्त पावसाच्या जमिनीत परिणाम खूप चांगला: पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यातल्या आम्लधर्मी जमिनी, किंवा कोकण. दुसरं, कोणत्या दगडाची भुकटी आहे ते विचारा. निकेल-क्रोमियमची तपासणी झालेली असावी. तिसरं, कार्बनचे पैसे मोजणीवर मिळतात, टाकलेल्या टनांवर नाही, आणि मोजणी हे या क्षेत्रातलं सर्वांत अवघड काम आहे. भुकटी पसरताना नाकातोंडाला नीट मास्क लावा. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही.

१३. शुक्रावरही बसाल्टच आहे ना? मग तिथली हवा अशी कशी?

हो. सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा १३ आणि १४ या यानांनी मार्च १९८२ मध्ये तिथे उतरून दगडाचं विश्लेषण केलं, आणि रचना बसाल्टशी जुळली. फरक दगडाचा नाही, पाण्याचा आहे.

शुक्राची हवा ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट, पृष्ठभागाचं तापमान ४६० अंशांच्या वर. पृथ्वीवरच्या सगळ्या चुनखडकात जितका कार्बन अडकला आहे, साधारण तितकाच शुक्राच्या हवेत मोकळा आहे. दोन्ही ग्रहांना वाटा सारखाच मिळाला. आपल्याकडे तो दगडात बसला, तिथे आकाशात राहिला. शुक्राने पाणी गमावलं याचा पुरावा हायड्रोजनमध्ये मिळतो: तिथे जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे, म्हणजे हलका हायड्रोजन अवकाशात निसटून गेला. पाणी गेल्यावर विदारण थांबलं.

क्रिया पूर्ण थांबलेल्या मात्र नाहीत. तिथल्या उष्णतेत सल्फर डायऑक्साइड दगडातल्या कॅल्शियमशी जोडला जाऊन कॅल्शियम सल्फेट होतं. हे चालत राहिलं तर सल्फर डायऑक्साइड कमी होत जाईल आणि त्यावर टिकलेले सल्फ्युरिक आम्लाचे ढगही विरळ होतील. ते अजून दाट आहेत, त्यामुळे खालून नवा वायू येत असावा. मॅगेलन यानाने १९९१ मध्ये घेतलेल्या रडार चित्रांत माट मॉन्स या ज्वालामुखीच्या एका मुखाचा आकार काही महिन्यांत बदललेला २०२३ मध्ये लक्षात आला, त्यामुळे या तर्काला बळ मिळालं.

१४. मंगळ लाल आहे म्हणजे तिथे कधीतरी ऑक्सिजन होता का? आणि पाणी होतं तर चुनखडक कुठे आहेत?

लाली वरवरची आहे. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी गाडीने फेब्रुवारी २०१३ मध्ये खडकात पहिलं छिद्र पाडलं तेव्हा आतून राखाडी भुकटी निघाली. लाल आहे ती धूळ आणि वरचा पातळ थर. लोह गंजायला भरपूर ऑक्सिजनची हवा लागतेच असं नाही. पाणी, सूर्याची अतिनील किरणं आणि क्लोरीनची ऑक्सिजनयुक्त संयुगं हे काम सावकाश करू शकतात. फिनिक्स यानाला २००८ मध्ये मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे असंच एक संयुग सापडलं होतं. २०२५ मधल्या एका अभ्यासानुसार ही धूळ मुख्यतः फेरिहायड्राइटची, म्हणजे पाणी धरून असलेल्या लोह ऑक्साइडची आहे. तसं असेल तर गंज थंड, ओलसर काळातला.

क्युरिऑसिटीला मँगनीज ऑक्साइडही सापडली. मनसरच्या तर्काने (प्रश्न ९) पाहिलं तर ऑक्सिजन होता असं वाटेल. पण प्रयोगशाळेत मंगळासारख्या परिस्थितीत क्लोरेट आणि ब्रोमेटही मँगनीजचं ऑक्साइड करू शकतात असं दिसलं. पृथ्वीवरची खूण दुसऱ्या ग्रहावर तशीच लावायची नसते, याचा हा चांगला धडा.

चुनखडकांचा प्रश्न जास्त अवघड. मंगळावर चिकणमातीची खनिजं खूप आहेत, त्यामुळे पाणी आणि बसाल्टची क्रिया झाली हे नक्की. हवा दाट होती तर तो कार्बन डायऑक्साइड कुठे गेला? काही भाग अवकाशात निसटला. काही दगडात आहे, पण कक्षेतून दिसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गेल विवरातल्या काही थरांत क्युरिऑसिटीला ५ ते १० टक्के सिडेराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट मिळालं. कक्षेतल्या उपकरणांना ते तिथे दिसलं नव्हतं. मंगळाचा मोठा अभाव मात्र वेगळा: तिथे भूपट्टांची हालचाल नाही, ज्वालामुखी मंदावले. दगडात गेलेला कार्बन परत वर आणणारं काही उरलं नाही. आज तिथला दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि सहज झिजणारं ऑलिव्हिन ठिकठिकाणी तसंच पडून आहे.

१५. लोणार मंगळासारखं आहे असं का म्हणतात? आणि तिथलं पाणी खारं कसं?

बसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं, नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, आणि मंगळावर अशी विवरं असंख्य. आघाताने वितळलेला आणि मग पाण्याशी क्रिया झालेला बसाल्ट बुलढाणा जिल्ह्यात जाऊन हाताळता येतो, म्हणून अभ्यासक तिथे येतात.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, फक्त बाष्पीभवन. बसाल्टमधून सुटलेलं कॅल्शियम आधी कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. उरलेल्या बायकार्बोनेटला जोडीला सोडियम तेवढं राहतं, आणि सोडियम कार्बोनेटचं पाणी तीव्र अल्कधर्मी होतं; सामू १० च्या आसपास. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते मात्र खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. दगडाचा त्यात थेट हात नाही.

१६. चंद्रावर हवाच नाही, तरी तिथे गंज सापडला असं वाचलं. कसं शक्य आहे?

चांद्रयान-१ वरच्या एका उपकरणाच्या नोंदींतून चंद्राच्या उच्च अक्षांशांवर हेमॅटाइट असल्याचं २०२० मध्ये मांडलं गेलं. पृथ्वीकडच्या बाजूला ते जास्त आढळलं. सुचवलेलं स्पष्टीकरण असं की पृथ्वीच्या वरच्या हवेतला ऑक्सिजन चुंबकीय क्षेत्राच्या शेपटीतून चंद्रापर्यंत पोहोचतो. ते खरं ठरलं तर आपल्या झाडांनी सोडलेला ऑक्सिजन चंद्राचा दगड गंजवतो असं म्हणावं लागेल.

१७. चुनखडक विरघळला तरी कार्बन डायऑक्साइड कमीच होतो ना?

तात्पुरता. चुनखडक विरघळताना हवेतला एक रेणू घेतो, आणि समुद्रात पुन्हा कार्बोनेट होताना एक रेणू सोडतो. लांबचा हिशेब शून्य. म्हणून कार्बन अडकवण्याच्या बाबतीत सौसर गटाचा संगमरवर आणि शेजारचा बसाल्ट एका मापाने मोजता येत नाहीत.

याहून उलटा प्रकारही आहे. कोळशाच्या थरांत किंवा शेल या चिखलापासून झालेल्या खडकात पायराइट असतं. खाणीत ते उघडं पडलं की ऑक्सिजन आणि पाण्याशी क्रिया होऊन सल्फ्युरिक आम्ल बनतं. ते आम्ल चुनखडकाला लागलं तर दगडातला जुना कार्बन हवेत जाऊ शकतो, म्हणजे विदारण होऊन कार्बन डायऑक्साइड वाढतो. आपल्याकडच्या गोंडवाना काळातल्या कोळशात गंधक सहसा कमी असतं, त्यामुळे आपल्या भागात याचा आवाका मर्यादित. पण «दगड झिजला की हवा स्वच्छ होते» हा सरसकट नियम नाही, एवढं यातून कळतं.

१८. दूरच्या एखाद्या ग्रहाच्या हवेत ऑक्सिजन सापडला तर जीवसृष्टी आहे असं म्हणता येईल का?

फक्त तेवढ्यावर नाही, आणि अडचण दगडाचीच आहे. लहान, लाल ताऱ्याजवळच्या ग्रहावर अतिनील किरणांनी पाण्याची वाफ फुटते, हायड्रोजन निसटतो आणि ऑक्सिजन मागे राहतो. खाली वितळलेला किंवा ताजा, लोहयुक्त दगड असेल तर तो हा ऑक्सिजन शोषून घेतो. पृष्ठभाग आधीच पूर्ण गंजलेला असेल, किंवा खोल समुद्राखाली दगड हवेपासून तुटला असेल, तर जीव नसतानाही ऑक्सिजन साठू शकतो. याच्या उलट, पृथ्वीवर ऑक्सिजन सोडणारे जीव हवेत ऑक्सिजन टिकू लागण्याच्या बरेच आधीपासून असावेत असं अनेकांना वाटतं; लोह आणि ज्वालामुखींचे वायू तो ऑक्सिजन खाऊन टाकत होते. म्हणजे जीव असून ऑक्सिजन न दिसणंही शक्य आहे.

म्हणून आता दगड आधी पाहायचा प्रयत्न होतो. एलएचएस ३८४४ बी या ग्रहाची उष्णता २०१९ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने मोजली, तेव्हा तिथे दाट वातावरण नसल्याचं आणि पृष्ठभाग बसाल्टसारखा गडद असल्याचं दिसलं. अशा ग्रहांच्या पृष्ठभागावर कोणतं खनिज आहे हे अवरक्त प्रकाशातून ओळखण्याचं काम जेम्स वेब दुर्बिणीने सुरू झालं आहे.